डाव्या खांद्यापासून सुरुवात

समोर ४५० किलोंचा रोगी उभा आहे. कुठं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. आणि खरी पंचाईत तर पुढंच आहे: दुखतंय हेच तो लपवतोय! हजारो पिढ्या उघड्या माळावर काढलेला हा प्राणी. कळपात जो लंगडतो त्याच्यावरच लांडग्याची नजर पडते, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. म्हणून परका माणूस दिसला की दुखरा घोडाही मान वर करतो, कान टवकारतो आणि काहीच झालेलं नाही अशा थाटात उभा राहतो.

मग घोड्याच्या डॉक्टरला त्याचं दुखणं कळतं तरी कसं?

याचं अर्धंच उत्तर पुस्तकात सापडतं. उरलेल्या अर्ध्यासाठी तबेल्यात जावं लागतं. पशुवैद्यकाचे विद्यार्थी पदवीच्या शेवटी इंटर्नशिपमध्ये तेच करतात: अनुभवी डॉक्टरांच्या मागं मागं फिरायचं, बादली उचलायची, मोहरकी धरायची, आणि डॉक्टरांचा हात जिथं जातो तिथं आपलाही हात लावून बघायचा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सचे तबेले असोत, माथेरानची लाल मातीची वाट असो किंवा सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार, शिकण्याची रीत एकच. चला, आपणही डॉक्टरांच्या मागं उभे राहू. प्रत्येक पावलाला थक्क व्हायची तयारी मात्र ठेवा.

आधी नुसतं बघायचं

पहिला धडा म्हणजे हात लावायचाच नाही. डॉक्टर तबेल्याच्या दाराशी थांबतात आणि नजर फिरवतात. रात्रीची वैरण संपली आहे का? लीद किती पडली आहे, ओलसर की कडक? अंगाला पेंढा चिकटला आहे का, म्हणजे घोडा लोळला आहे का? आणि तो उभा कसा आहे?

नवशिक्याला वाटतं, चारही पायांवर उभा आहे की! पण नीट बघा. एक मागचा पाय किंचित दुमडून, खुराचं टोक टेकवून घोडा निवांत उभा असेल तर काळजी नको. तो विश्रांती घेतोय. पुढचा एक पाय मात्र पुढं सरकवून त्यावरचा भार काढून घेतला असेल, तर डॉक्टर लगेच वाकून बघतात. मागचा पाय सैल सोडणं हा आराम, पुढचा पाय सैल सोडणं ही तक्रार. असा फरक का?

कारण घोड्याच्या मागच्या पायात चक्क एक कुलूप आहे! त्याच्या खऱ्या गुडघ्याची वाटी वर सरकून मांडीच्या हाडावरच्या उंचवट्याला अडकते. एकदा ती अडकली की सांधा वाकत नाही आणि स्नायूंना जवळजवळ काहीच काम उरत नाही. मग एका मागच्या पायाला कुलूप घालायचं, दुसऱ्याला सुट्टी द्यायची आणि थोड्या वेळानं पाळी बदलायची. पुढचे पाय कंडरा आणि अस्थिबंध यांच्या ताणावर तोलून धरलेले असतात. म्हणून घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. गाढ, स्वप्नांच्या झोपेत मात्र सगळेच स्नायू सैल पडतात, तेव्हा त्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसाकाठी अर्धा तास अशी झोप त्याला पुरते. पण आजूबाजूला भीती वाटली तर तो आडवा होत नाही, आणि ती अर्ध्या तासाची झोपही हुकते.

आता चेहरा. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरच्या वेदनेचं मोजमाप तयार केलं. ताठ होऊन मागं वळलेले कान, डोळ्यावरचा ताण, मिटत आलेल्या पापण्या, आवळलेले जबड्याचे स्नायू, दाबून धरलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. म्हणजे लपवायचं म्हटलं तरी घोड्याला सगळं लपवता येत नाही! जुने मोतद्दार "आज याचा चेहरा बरा नाही" म्हणतात, त्याला आता गुण देऊन मोजता येतं.

जवळ कसं जायचं

आता पुढं व्हायचं, पण सरळ समोरून नाही आणि मागून तर मुळीच नाही. डाव्या खांद्याच्या रोखानं, तिरकं, बोलत बोलत. घोड्याला डावीकडून हाताळायची जुनी वहिवाट आहे, त्यामुळं त्यालाही त्या बाजूनं माणूस येण्याची सवय असते. पण तिरकं का? याचं उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे.

जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांमध्ये घोड्याचे डोळे मोडतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं मान न हलवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. उरतात दोन अरुंद पट्टे: एक कपाळाच्या अगदी समोर, दुसरा शेपटीच्या थेट मागं. आपण नेमके त्याच पट्ट्यातून अचानक उगवलो तर तो दचकणार, आणि दचकलेला घोडा आधी लाथ मारतो, मग विचार करतो. खांद्यापाशी मात्र आपण त्याला पूर्ण दिसतो. शिवाय तिथं ना पुढच्या पायाचा फटका बसत, ना मागच्याचा. मागच्या बाजूला जायचंच असेल तर एक हात पाठीवरून सरकवत, अंगाला अंग लावून जायचं. लांबून जाणाऱ्याला लाथेचा पूर्ण जोर बसतो. चिकटून जाणाऱ्याला लाथ लागली तरी ती जोर धरण्याआधीच लागते.

नाडी: धिम्या हृदयाची कमाल

डॉक्टरांची बोटं आता खालच्या जबड्याच्या कडेखाली जातात. तिथं हाडावरून एक रोहिणी जाते. दोन बोटांनी ती हाडावर हलकेच दाबायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. पहिल्यांदा काहीच सापडत नाही. मग एक ठोका लागतो. मग शांतता. नवा विद्यार्थी घाबरून बोट हलवतो, आणि तेवढ्यात दुसरा ठोका!

निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ एवढीच असते. तीच भरधाव पळताना २००च्या पुढं जाते. आपलं हृदय फार तर तिप्पट वेग घेतं, याचं सहापटींपर्यंत पोचतं. हे हृदय चार-पाच किलोंचं असतं, आणि पूर्ण दौडीत मिनिटाला २०० लिटरहून जास्त रक्त पुढं ढकलतं.

मोजता मोजता कधी कधी एक ठोका चक्क गायब होतो. ठक, ठक, काहीच नाही, ठक. विद्यार्थ्याचा जीव वरखाली होतो. डॉक्टर सांगतात, "त्याला जरा फिरवून आण, मग पुन्हा बघ." फिरवून आणल्यावर ठोके एकसारखे! धडधाकट, कसलेल्या घोड्यांत निवांत असताना असा ठोका गळणं नेहमीचंच आहे. हृदय एवढं ताकदवान की शरीर त्याला आवरून धरतं. काम पडलं की तो आवर सुटतो. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. बोटाखाली तो रिकामा क्षण अनुभवला की मात्र जन्मभर लक्षात राहतं.

आणि माणसाचं वैद्यक या प्राण्याचं किती जुनं देणं लागतं बघा. रक्तदाबाचं पहिलं मोजमाप घोडीवर झालं. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानं घोडीच्या रोहिणीला पितळी नळी आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं! त्या घोडीचा जीव त्या प्रयोगात गेला. १७३३ साली हेल्सनं हे प्रसिद्ध केलं. आज दवाखान्यात आपल्या दंडाला पट्टा बांधला जातो, त्या मोजमापाची वंशावळ त्या घोडीपाशी पोचते.

मानेतली शीर आणि परळचं औषध

रक्त काढायचं असेल तर मानेच्या खालच्या अंगाला असलेल्या लांबट खळगीत अंगठा दाबायचा. अंगठ्याच्या वर शीर टरारून फुगते. ती बोटानं टिचकावली की वरपर्यंत लाट गेलेली दिसते. घोड्याच्या अंगात ३५ ते ४० लिटर रक्त असतं, त्यामुळं तपासणीच्या चार थेंबांचं त्याला काहीच वाटत नाही. पण इथं डॉक्टर एक गोष्ट बजावतात: घोड्याला बिथरवू नका, नाहीतर अहवाल चुकेल.

बिथरल्यानं रक्त कसं बदलेल? बदलतं! घोड्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं राखीव कोठार आहे. भीती वाटली किंवा पळायची वेळ आली की ती आकसते आणि साठा रक्तात ओतते. निवांत असताना रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ३५-४० टक्के असतो, दौडीत तो ६० टक्क्यांच्या वर जातो. क्षणार्धात रक्त दाट, प्राणवायू वाहून न्यायची ताकद दीडपट. म्हणून घाबरलेल्या घोड्याच्या रक्ताची चाचणी करायची म्हणजे त्याच्या भीतीचीच चाचणी.

याच शिरेतून आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषाची अगदी लहान मात्रा घोड्याला देतात, ती हळूहळू वाढवत नेतात. त्याचं शरीर विषाला उतारा तयार करतं, आणि रक्तातून तो वेगळा काढतात. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. त्याच परळमध्ये १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. भाताच्या खाचरात घोणस चावलेला शेतकरी वाचतो, तेव्हा त्याच्या शिरेतून कुठल्यातरी घोड्याचीच मेहनत वाहत असते.

श्वास नाकानंच

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. बरगड्यांच्या मागची कूस वरखाली होते, ती बघायची. मिनिटाला ८ ते १६. फार सोपं वाटतं, नाही का? आता त्याचं तोंड बघा. कितीही दमला तरी घोडा कुत्र्यासारख्या तोंड उघडून धापा टाकत नाही. त्याला ते जमतच नाही! टाळूचा मऊ पडदा तोंड आणि श्वासनलिका यांच्यामधली वाट बंद करतो, त्यामुळं सगळा श्वास नाकातूनच. नाकपुड्या फुलवल्या की त्या केवढ्या मोठ्या होतात ते म्हणूनच.

दौडीत तर आणखी गंमत. चौखूर पळताना एक झेप, एक श्वास असा हिशेब पक्का असतो. पुढचे पाय जमिनीला टेकताना श्वास बाहेर, अंग लांबवून झेपावताना श्वास आत. मिनिटाला १२० ते १५० वेळा. पळतोय तोवर त्याला मनासारखा श्वास घेता येत नाही, तो पायांच्या तालावरच घ्यावा लागतो.

पोट: जिथं डॉक्टर सर्वांत जास्त वेळ थांबतात

आता स्टेथोस्कोप कुशीवर जातो, आणि इथंच शिकणाऱ्याला खरा वेळ द्यावा लागतो. घोड्याचं पोट दुखणं ही त्याच्या जिवावरची गोष्ट आहे. का, ते समजून घेऊ.

घोड्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. एवढ्या मोठ्या देहाला एवढंसं जठर! कारण दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहायचं, ही त्याची मूळ राहणी. त्यामुळं जठरात आम्ल अखंड पाझरतं, जेवण असो वा नसो. पित्त साठवायला पित्ताशय नाहीच. सतत खाणाऱ्याला साठवायचं कशाला? लाळ मात्र चघळतानाच सुटते, आणि दिवसाला ३०-४० लिटरपर्यंत! एक किलो वाळलेलं गवत संपवायला घोडा ३,०००हून जास्त वेळा जबडा फिरवतो, तेवढंच धान्य हजारेक वेळांत संपतं. म्हणजे चंदी वाढवून वैरण कमी केली की चघळणं घटतं, लाळ घटते, आणि आम्ल रिकाम्या जठराला चावत बसतं.

त्यात आणखी एक अडचण: घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथला स्नायू इतका घट्ट आणि तो जोडही असा तिरका, की जठर फुगलं की ती वाट आणखीच आवळते. आत गेलेलं परत यायला वाट नाही. म्हणून तुंबलेलं जठर मोकळं करायला डॉक्टर नाकातून लांब नळी घालतात. शिकणाऱ्यानं मानेची डावी बाजू बघायची. नळी बरोबर वाटेनं गेली तर कातडीखालून ती खाली सरकताना दिसते. चुकून श्वासनलिकेत गेली तर ती सहज, काही अडथळा न लागता आत जाते. इथं सहज जाणं हीच धोक्याची खूण!

जठराच्या पुढं वीसेक मीटर लहान आतडं, आणि मग येतं अंधांत्र: मीटरभर लांबीची, ३० लिटरच्या आसपास मावेल एवढी पिशवी. गाय गवत पुढच्या पोटात आंबवते, घोडा मागच्या आतड्यात. तिथले अब्जावधी सूक्ष्मजीव गवताचे धागे फोडतात आणि त्यातून घोड्याला शक्ती मिळते. अख्खा अश्वमेधाचा घोडा शेवटी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या बळावर धावतो!

या कारखान्याचा आवाज ऐकता येतो. दोन्ही कुशींवर, वर आणि खाली, अशा चार जागा. प्रत्येक जागी निदान मिनिटभर कान लावायचा. उजव्या कुशीत वरच्या बाजूला थांबलात तर मिनिटा-दोन मिनिटांनी लांबून गडगड येते आणि उंचावरच्या टाकीतून पाणी खळाळत उतरावं तसा आवाज होतो. तो निरोगी अंधांत्राचा आवाज. पहिल्यांदा ऐकणारा हमखास डॉक्टरांकडे बघून हसतो. हा आवाज आला नाही, सगळं चिडीचूप असेल, तर मात्र कुणी हसत नाही.

पुढं मोठं आतडं आहे, आणि त्यात एका ठिकाणी निसर्गानं अवघड वळण ठेवलंय. रुंद नळी एकदम उलट फिरते आणि तिथंच अरुंद होते. पाणी कमी प्यायलेल्या घोड्याचा चारा नेमका तिथं अडकतो. एवढ्या मोठ्या पोटाचा एक्स-रे फारसं काही दाखवत नाही. म्हणून डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गुदद्वारातून आत हात घालतात आणि ते वळण बोटांनी चाचपतात.

पण त्याही आधी ते मोतद्दाराला विचारतात. "मामा, काल रात्रीपासून लीद किती वेळा टाकली?" "पाणी किती प्याला?" "चंदी बदलली का?" आणि मामा सांगतात, "साहेब, सारखा कुशीकडं वळून बघतोय, पाय खरडतोय." अर्धं निदान तिथंच होतं.

एक प्रयोग तर घरच्या घरी करता येतो. मूठभर ताजी लीद पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवायची आणि पिशवी टांगून ठेवायची. तळाशी रेती साचली तर समजायचं की जमिनीवर टाकलेल्या चाऱ्याबरोबर घोडा वाळू गिळतोय. पोटदुखीचं एक कारण असं अक्षरशः डोळ्यांसमोर खाली बसतं.

दातांवरची घडी

तोंड बघायचं तर बोटं कुठून घालायची ते ओळखावं लागतं. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बोटं आत सरकवायची. लगामाचं लोखंड बसतं ती हीच जागा. इथं दात नसतात म्हणून तर लगाम शक्य झाला!

घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला २ ते ३ मिलिमीटर. गवतातली सिलिका त्या झिजवते, आणि झिजेइतकीच नवी दाढ वर येते. तरुण घोड्याच्या दाढेचा बहुतेक भाग जबड्यात दडलेला असतो, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची शिदोरी! पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद आहे. त्यामुळं वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते. तिथं धारदार टोकं तयार होतात आणि गाल-जीभ कापतात. मग घोडा अर्धवट चघळलेले गवताचे गोळे खाली टाकतो. डॉक्टर तोंड उघडं ठेवायला जबड्याला पाना लावतात आणि लांब दांड्याच्या कानशीनं टोकं घासतात. त्या भागात संवेदना नसते, त्यामुळं वेदना होत नाही.

वयही इथंच कळतं. वरच्या कडेच्या पुढच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक काळपट खाच उगवते. पंधराच्या सुमारास ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते, आणि मग वरून पुसली जाऊ लागते. बाजारात विकणारा काहीही सांगो, ही खाच त्याच्या म्हणण्याची पडताळणी करते. काही वर्षांचा फरक पडू शकतो, तरी ढोबळ अंदाज येतोच.

एका बोटावर उभा

आता पाय. खांद्यापाशी शेपटीकडं तोंड करून उभं राहायचं, हात पायावरून खाली सरकवायचा. वाटेत थांबा! आपण ज्याला पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. त्याखालचं लांब हाड म्हणजे तळहातातलं मधलं हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभा आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी त्याच्या छोट्याशा पूर्वजांना पुढं चार आणि मागं तीन बोटं होती. बाकीची गेली कुठं? त्या लांब हाडाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. काडीएवढी बारीक हाडं लागतील, आणि खाली येता येता प्रत्येकाच्या टोकाला छोटी गाठ. हरवलेल्या बोटांची ही खूण. म्युझियममध्ये न जाता कोट्यवधी वर्षांचा इतिहास बोटाला लागतो!

खूर उचलला की आधी खुरपणीनं माती काढायची, टाचेकडून टोकाकडं. तळाच्या मधोमध रबरासारखा लवचिक त्रिकोण असतो. त्याच्या बाजूच्या चरांत काळपट, घाण वास येणारा लगदा दिसला तर समजायचं की ओल साचून तो भाग सडतोय. पावसाळ्यात ओल्या तबेल्यांचं हे ठरलेलं दुखणं. खुराची भिंत महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढते, म्हणून दर ५-६ आठवड्यांनी नालबंद लागतो. तो खिळे ठोकतो त्या भागात संवेदना नाही. आतल्या जिवंत भागात खिळा गेला तर मात्र घोडा लगेच कळवतो.

भिंतीच्या आत काय आहे? हा सगळ्यात थक्क करणारा भाग. खुराच्या आतलं हाड तळव्यावर टेकलेलं नसतं, ते भिंतीला आतून लटकलेलं असतं! हाडाकडून आणि भिंतीकडून नाजूक उभे पदर निघतात आणि एकमेकांत गुंततात. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे मुख्य पदर, आणि त्या प्रत्येकाला शंभरावर बारीक उपपदर. सगळे उलगडून पसरले तर एका खुरातला पृष्ठभाग चौरस मीटरच्या आसपास भरेल. दौडत्या घोड्याचा सगळा भार या गुंत्यावर झुलतो.

आता पोटाकडे परत वळा, कारण पोट आणि खूर एकमेकांना जोडलेले आहेत. रात्री घोडा सुटला आणि चंदीच्या पोत्यात तोंड घालून बसला, तर सगळा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो मागच्या आतड्यात जातो. तिथले काही जिवाणू माजतात, आम्ल वाढतं, बाकीचे मरतात, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. आणि दुखणं उमटतं कुठं? खुरात! तो पदरांचा गुंता सुटू लागतो आणि हाड खाली सरकू लागतं. म्हणून डॉक्टर पोट बिघडलेल्या घोड्याचे खूर तपासतात. खुराला तळहात लावून गरम आहे का बघतात, आणि खुराच्या वरच्या सांध्यामागं दोन बोटं ठेवतात. निरोगी घोड्यात तिथली नाडी मोठ्या मुश्किलीनं लागते. ती बोटाखाली ठणठण उडत असेल तर वेळ घालवायचा नाही. खूर बर्फात ठेवायचे, तातडीनं. वाया गेलेला एकेक तास पुढं महागात पडतो.

पहिले तीन तास

घोडी बहुतेक वेळा रात्रीच विते, अकरा महिन्यांच्या गाभणपणानंतर. डॉक्टरांबरोबर ती रात्र मिळाली तर घड्याळ समोर ठेवायचं. शिंगरू एका तासात उभं राहायला हवं, दोन तासांत दूध प्यायला हवं, तीन तासांत घोडीचा जार पडायला हवा.

शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या खुरांवर मऊ, लिबलिबीत झालर असते, म्हणजे आईच्या पोटात लाथा मारल्या तरी इजा होत नाही. उभं राहून चार पावलं टाकली की ती झिजू लागते. दुधाची घाई का? आईच्या रक्तातली रोगप्रतिबंधक द्रव्यं घोडीच्या जारातून पिल्लात जातच नाहीत. ती सगळी पहिल्या चिकात असतात, आणि ती शोषायची पिल्लाच्या आतड्याची वाट चोवीस तासांत बंद होते.

आणि जार? तो फेकायचा नाही. जमिनीवर पसरून दोन्ही टोकं शाबूत आहेत का ते बघायचं. एखादा तुकडा आत राहिला तर ताप येतो, विष रक्तात जातं, आणि पुन्हा तेच: खुरातले पदर सुटू लागतात. गर्भाशयापासून खुरापर्यंत सगळं एकच शरीर आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठं दिसतं?

रोजचा हात

डॉक्टरांच्या मागं फिरून जे मिळतं ते हेच. वर दिलेले बहुतेक आकडे निरोगी घोड्याचे आहेत, आणि निरोगी घोडाच हाताला पाठ व्हावा लागतो. नाडी ३२ असलेल्या घोड्याची ४८ झाली तर ती त्याच्यासाठी मोठी उडी आहे. पण ३२ होती हे कुणाला ठाऊक? रोज खरारा करणाऱ्याला. गार खूर ज्याच्या तळहाताच्या सवयीचा आहे, त्यालाच गरम खूर चटकन कळतो. आपल्याकडे घोड्यांचं हे शास्त्र प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राच्या नावानं शतकानुशतकं चालत आलं. १७६१ साली फ्रान्समध्ये ल्यों इथं पशुवैद्यकाचं पहिलं आधुनिक विद्यालय निघालं. पुस्तकं बदलली, औषधं बदलली, तरी ज्ञानाचा हा पाया रोजच्या स्पर्शावरच उभा आहे.

म्हणून घोडा पाळत असाल, पाळणार असाल किंवा कुणाच्या घोड्याची निगा राखत असाल, तर आजच, तो धडधाकट असताना, एक वही घ्या. निवांत वेळची नाडी, श्वास, अंगाचं तापमान, दिवसाला लीद किती वेळा, पाणी किती बादल्या, हे त्याच्या नावापुढं लिहून ठेवा. मध्यरात्री तो कुशीकडं वळून बघायला लागला की डॉक्टर फोनवर पहिल्यांदा हेच विचारतील, आणि ते येऊन पोचेपर्यंत त्या घोड्याचा डॉक्टर तुम्हीच असाल.